नव्या लिनक्सवर हात बसवताना

लिनक्स टाकून झालं. डेस्कटॉप दिसला, वायफाय लागलं, ब्राउझर उघडला. पहिला दिवस कौतुकात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटं अडखळायला लागतात. टचपॅडच्या उजव्या कोपऱ्यात दाबलं तरी राइट-क्लिक होत नाही. ब्राउझर उघडला की कुठलातरी भलताच पासवर्ड मागितला जातो. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पेस्ट होत नाही. यातल्या एकाही गोष्टीला बिघाड म्हणता येणार नाही. पण चपलेत खडा गेल्यासारखं होतं: चालता येतं, चालवत नाही.

उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराच्या मंडळींनी २००९ मध्ये अशा त्रासांना 'पेपरकट' असं नाव दिलं होतं, म्हणजे कागदाची कड लागून बोटाला पडणारी बारीक चीर. त्या वर्षीच्या ९.१० आवृत्तीसाठी असे शंभर त्रास निवडून दूर करायची मोहीमच त्यांनी काढली. निवडीची अट साधी होती: सामान्य माणसाला सहज दिसणारा त्रास हवा आणि त्याची दुरुस्ती सोपी हवी. पुढे २०२२ मध्ये प्लाझ्मा हा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईनेही असाच उपक्रम हाती घेतला. नवा माणूस संगणकासमोर बसल्यावर पहिल्या १५ मिनिटांत ज्या चुका त्याच्या नजरेला पडतील, त्या आधी दुरुस्त करायच्या.

हीच पद्धत आपल्या एका संगणकापुरती वापरायची, एवढंच या लेखात आहे. बहुतेक नवखे याच्या उलट करतात. आधी वॉलपेपर, मग आयकॉन, मग थीम, आणि तरीही समाधान झालं नाही की सरळ दुसरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा दुसरा प्रकार. मी स्वतः पहिल्या वर्षात चार डिस्ट्रो फिरलो. चौथ्या ठिकाणीही टचपॅड तसाच वागला, कारण टचपॅडचं वागणं डिस्ट्रोवर नव्हे, तर डेस्कटॉपवर (खिडक्या, मेनू, सेटिंग्ज सांभाळणाऱ्या प्रोग्रामांवर) अवलंबून असतं, आणि चारही ठिकाणी डेस्कटॉप एकच होता.

पहिलं काम: काहीही न बदलता आठवडाभर नोंद

एक साधी टेक्स्ट फाइल उघडी ठेवा. हात अडला की एक ओळ लिहा: काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं. लगेच दुरुस्त करायला धावू नका. आठवड्याने यादी वाचलीत की निम्म्या ओळी आपोआप गळालेल्या दिसतील, कारण तो त्रास नव्हता, फक्त सवय नवी होती. उरलेल्यांत जी ओळ तीन-चार वेळा आली असेल, तिथून सुरुवात करायची.

त्याच फाइलच्या डोक्यावर आणखी चार गोष्टी लिहून ठेवा: डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, डेस्कटॉप कोणता (ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन वगैरे), त्याची आवृत्ती, आणि विंडोइंग सिस्टिम (पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा) नवी वेलँड आहे की जुनी एक्स-इलेव्हन. सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर यातलं बरंचसं सापडतं. हे माहीत नसेल तर इंटरनेटवरची उत्तरं तुम्हाला वाट चुकवतील. ग्नोमचं उत्तर प्लाझ्माला लागू पडत नाही, आणि एक्स-इलेव्हनसाठी दहा वर्षांपूर्वी सांगितलेली युक्ती वेलँडवर बहुधा निरुपयोगी ठरते. जुन्या उत्तरातली कमांड न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवणं हा तर नवख्यांचा संगणक बिघडण्याचा अगदी खात्रीचा मार्ग.

दुसरं: परतीची वाट

टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम सिस्टिमचा स्नॅपशॉट घेतो, म्हणजे काही बिघडलं तर परतता येईल अशी त्या क्षणाची प्रत. लिनक्स मिंटमध्ये तो आधीपासून असतो, इतर बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर सेंटरमधून घेता येतो. पहिला स्नॅपशॉट आजच घ्या. मात्र एक लक्षात ठेवा: टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही. फोटो, कागदपत्रं यांच्यासाठी वेगळा बॅकअप हवाच. त्याला देजा-द्यूप (मेनूत तो नुसता 'बॅकअप्स' म्हणून दिसतो) किंवा पिका बॅकअप पुरेसा आहे.

आणि नियम एकच: एका वेळी एकच बदल करायचा आणि दिवसभर वापरून बघायचा. प्लाझ्मा वापरत असाल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये बदललेल्या सेटिंग्ज ठळक करून दाखवायची सोय आहे. 'मी नक्की कुठे काय केलं होतं' या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

डोळे

दिवसभर समोर असते ती अक्षरं, म्हणून आधी आकार. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'स्केल' असतं: १०० टक्के, सव्वापट, दीडपट, दुप्पट. १०० आणि २०० बिनघोर चालतात. मधल्या मापांवर काही जुने प्रोग्राम पुसट दिसतात. त्याचं कारण असं, की वेलँडवर चालताना हे जुने, एक्स-इलेव्हनसाठी लिहिलेले प्रोग्राम स्वतःला एका मापात रंगवतात आणि सिस्टिम ते चित्र ताणून मोठं करते. ताणलेलं चित्र धूसर होणारच. प्लाझ्मामध्ये डिस्प्लेच्याच पानावर, जुन्या प्रोग्रामांना सिस्टिमने मोठं करायचं की त्यांनी स्वतः व्हायचं, हे निवडता येतं. 'स्वतः' निवडून पाहा.

ग्नोममध्ये मी सुचवेन की स्केल १०० वरच ठेवा आणि फक्त अक्षरं मोठी करा. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'लार्ज टेक्स्ट' चालू केलं की अक्षरं सव्वापट होतात. त्याहून बारीक माप हवं असेल तर ग्नोम ट्वीक्स हा प्रोग्राम घ्या आणि फाँटच्या पानावरचा आकडा १.१ किंवा १.१५ करा. लहान लॅपटॉपच्या पडद्यावर हा उपाय बहुतेकांना पुरतो, आणि धूसरपणाचा प्रश्नच येत नाही.

रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट' ग्नोम आणि प्लाझ्मा दोन्हींत आहे. चालू करा आणि विसरून जा.

हात

लोक सर्वांत जास्त वैतागतात ते इथेच.

टचपॅडवर नुसती टिचकी मारून क्लिक होत नसेल तर टचपॅडच्या सेटिंग्जमध्ये 'टॅप टू क्लिक' चालू करा. काही ठिकाणी ते मुळात बंद असतं. स्क्रोलची दिशा उलटी वाटत असेल तर 'नॅचरल स्क्रोलिंग' बदला. राइट-क्लिकचं कोडं असं आहे: ग्नोममध्ये कोपरा दाबण्याऐवजी दोन बोटं टेकवून क्लिक करणं ही मूळ पद्धत आहे. कोपराच हवा असेल तर टचपॅडच्या पानावर किंवा ट्वीक्समध्ये तसं निवडता येतं. माझं मत विचाराल तर आठवडाभर दोन बोटांची सवय करून बघा. कोपरा नेमका कुठे सुरू होतो हे चाचपडणं संपतं.

आता मधल्या बटणाचं गूढ. लिहिता लिहिता अचानक मजकुरात भलतंच काहीतरी येऊन पडतं, असं झालंय? लिनक्सवर कॉपी-पेस्टच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. एक नेहमीची, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीची. दुसरी बरीच जुनी: मजकूर नुसता निवडला की तो आपोआप उचलला जातो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की तिथे उतरतो. टचपॅडवर तीन बोटांची टिचकी म्हणजे मधलं बटण. म्हणजे तळहात जरा वेडावाकडा टेकला की मघाशी निवडलेली ओळ पत्राच्या मध्येच. ज्यांना हे माहीत आहे ते या सोयीवर जीव टाकतात, कारण दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी हाताशी राहतात. ज्यांना माहीत नाही त्यांना संगणक भुताने झपाटल्यासारखा वाटतो. आठ दिवस वापरून बघा. नाहीच जमलं तर ग्नोम ट्वीक्समध्ये 'मिडल क्लिक पेस्ट' बंद करता येतं.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे 'चालू काम थांबव'. हा अर्थ कॉपी-पेस्टच्या आधीपासूनचा आहे, म्हणून तिथे कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. प्लाझ्मामध्ये सुपर-व्ही (सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबली की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादीच समोर येते.

खिडक्यांना मिनिमाइझचं बटण दिसत नाही, ही मूळ स्वरूपातल्या ग्नोमबद्दलची नेहमीची तक्रार. फेडोरा या डिस्ट्रोवर ती हमखास ऐकू येते. तो दोष नाही, ग्नोमवाल्यांची ती ठरवून केलेली निवड आहे: खिडकी लपवण्यापेक्षा ती दुसऱ्या वर्कस्पेसवर (वेगळ्या आभासी डेस्कटॉपवर) ठेवा, असं त्यांचं म्हणणं. पटलं तर उत्तम. नाही पटलं तर ट्वीक्समध्ये एक खटका दाबला की बटण हजर.

मराठी लिहिताना

ग्नोममध्ये कीबोर्ड सेटिंग्जच्या 'इनपुट सोर्सेस'मध्ये मराठी जोडा. तिथे इन्स्क्रिप्ट मिळतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी 'कागपा' नावाची मांडणीही. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी उमटवायची असेल तर आयबस या भाषा टाइप करायच्या यंत्रणेचं एम-सेव्हेंटीन-एन हे जोड पॅकेज घ्यावं लागतं. ते टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत नवं काही दिसत नाही आणि माणूस उगाच तासभर शोधत बसतो. प्लाझ्मावर वेलँड असेल तर एफसीआयटीएक्स-फाइव्ह ही तशीच दुसरी यंत्रणा घ्या. फक्त सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड'च्या पानावर जाऊन ते निवडावं लागतं. पडद्यावरच्या कीबोर्डाशी याचा काही संबंध असेल असं नावावरून वाटतं, आणि तिथेच सगळे फसतात.

ग्नोममध्ये भाषा बदलायला सुपर आणि स्पेस. तिथेच प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. नाहीतर पत्र मराठीत, मग टर्मिनलमध्ये गेलो तर कमांडही मराठीत. कुलूप लागलेल्या पडद्यावर बरोबर पासवर्ड नाकारला जात असेल तर कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह आधी बघा.

'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र नीट उमटत नसेल तर साध्या र ऐवजी नुक्ता असलेला ऱ घ्या आणि त्याला हलन्त जोडा. आणि ल, श हिंदी वळणाचे दिसत असतील तर लिब्रेऑफिसच्या भाषांच्या पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा. फाँटमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर अक्षरं लगेच बदललेली दिसतात.

तो भलताच पासवर्ड

लॉगइनचा कंटाळा म्हणून इन्स्टॉल करताना 'आपोआप लॉगइन' निवडलं असेल, तर ब्राउझर उघडताना 'कीरिंग अनलॉक करा' अशी खिडकी येणार. कारण सरळ आहे. वायफायचे, ब्राउझरचे, मेलचे पासवर्ड एका तिजोरीत ठेवलेले असतात आणि तिची किल्ली म्हणजे तुमचा लॉगइनचा पासवर्ड. तुम्ही तो टाइप केला की तिजोरीही उघडते. टाइप केलाच नाही तर ती बंद राहते आणि पहिला गरजू प्रोग्राम आला की दार वाजवतो.

उपाय दोन. आपोआप लॉगइन बंद करा, हा चांगला. किंवा 'पासवर्ड्स अँड कीज' या प्रोग्रामात जाऊन तिजोरीचा पासवर्ड कोरा ठेवा. पण मग आतलं सगळं डिस्कवर उघडं राहतं. घराबाहेर जाणाऱ्या लॅपटॉपवर हे करू नका.

प्रोग्राम कुठून घ्यायचे

एखादा प्रोग्राम हवा असेल तर वेबसाइटवरून फाइल उतरवायची, ही सवय इथे मोडावी लागते. आधी सॉफ्टवेअर सेंटर. तिथे एकच प्रोग्राम दोनदा दिसला तर गोंधळू नका. एक प्रत डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातली असते आणि दुसरी फ्लॅटपॅक किंवा स्नॅप, म्हणजे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारं तयार पाकीट. डिस्ट्रोची प्रत आकाराने लहान आणि बाकी सिस्टिमशी जुळलेली, पण अनेकदा जुनी. फ्लॅटपॅक बहुधा ताजी असते. पहिलं फ्लॅटपॅक घेताना डाउनलोड भलंमोठं दिसेल, कारण सोबत लागणारा पाया, म्हणजे रनटाइम, येतो. त्याच पायावरच्या पुढच्या प्रोग्रामांना तो पुन्हा लागत नाही.

मी काय करतो: फाइल मॅनेजर, प्रिंटर, कोडेक (व्हिडिओ-गाणी उलगडणारे भाग) असलं सिस्टिमच्या पोटातलं डिस्ट्रोकडून, चित्रं, व्हिडिओ, गप्पा यांचे प्रोग्राम फ्लॅटपॅकमधून. उबुंटूमध्ये २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, तर मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलं आहे. यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. नवख्याने त्या भांडणात पडू नये.

फ्लॅटपॅकचा एक काच मात्र जाणवतो. हे प्रोग्राम कुंपणात चालतात, त्यामुळे एखाद्याला तुमच्या दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर दिसतच नाही किंवा फाइल ओढून टाकली तर तो ढिम्म राहतो. फ्लॅटसील नावाचा प्रोग्राम घ्या, यादीत त्याचं नाव निवडा आणि हव्या त्या फोल्डरची परवानगी द्या. हवं तेवढंच द्या. सगळं होम फोल्डर खुलं करायचं असेल तर कुंपण कशाला घातलं?

व्हिडिओ चालत नसेल तर बहुधा कोडेक नाही. मिंट आणि उबुंटू इन्स्टॉल करतानाच विचारतात, त्या चौकटीवर खूण करायची राहिली असेल. फेडोरा पेटंटच्या अडचणीमुळे काही कोडेक देत नाही, तिथे आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडावं लागतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही असाच: उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर'. कंपनीच्या साइटवरची फाइल उतरवून चालवू नका, पुढच्या कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेटला काळा पडदा दिसायची शक्यता असते.

दुसऱ्याने पाठवलेली वर्डची फाइल

ओळी सरकल्या, दोन पानांची तीन झाली. दोष बहुतेक वेळा लिब्रेऑफिसचा नसतो, फाइलमधला फाँट तुमच्याकडे नसतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया हे मोफत फाँट टाका. त्यांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम तितकीच ठेवली आहे, त्यामुळे ओळी जिथल्या तिथे तुटतात. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फाँट असतात, आणि ते बहुधा आधीच टाकलेले असतात.

भराभर आटपण्यासारखं

ब्लूटूथ हेडफोनवर कॉल लागला की गाणं डब्यातून आल्यासारखं वाटतं, कारण माइक चालू झाला की जोडणी बोलण्याच्या प्रोफाइलवर जाते आणि दर्जा घसरतो. लॅपटॉपचाच माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकण्यापुरता ठेवा.

बॅटरीसाठी पॉवर मोड 'बॅलन्स्ड' पुरेसा. टीएलपी हा बॅटरी वाचवणारा प्रोग्राम टाकायचा असेल तर डेस्कटॉपची स्वतःची पॉवर प्रोफाइलची यंत्रणा बंद करावी लागते, दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत.

पेन ड्राइव्हवर कॉपी करताना पट्टी झपाट्याने पुढे जाते आणि शेवटाजवळ खोळंबते. डेटा आधी मेमरीत जातो, डिस्कवर सावकाश उतरतो. म्हणून 'इजेक्ट' दाबून 'आता काढा' असं दिसेपर्यंत थांबायचं.

शेजारी विंडोजही असेल आणि घड्याळ काही तास पुढेमागे होत असेल तर दोघांचा समज वेगळा आहे: विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवतं, लिनक्स यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. दोघांपैकी एकाला समजावावं लागतं. विंडोजची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, असं झालं तर विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा.

नटवणं सगळ्यांत शेवटी

आता थीम बदला, हरकत नाही. ग्नोमवर एक्स्टेन्शन (ग्नोममध्ये नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम) घेताना हात आखडता ठेवा. प्रत्येक एक्स्टेन्शन ग्नोमच्या ठरावीक आवृत्त्यांपुरतं असतं. २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा आतली रचनाच बदलली आणि जुनी सगळी एक्स्टेन्शनं नव्याने सुधारेपर्यंत बंद पडली. दोन-तीन पुरेत. पंधरा लागत असतील तर तुम्हाला बहुधा ग्नोम नव्हे, प्लाझ्मा किंवा सिनॅमन हवं आहे.

यादीत उरलेलं वर पोचवा

एवढं करूनही एक-दोन ओळी उरतील, ज्यांना कुठलीच सेटिंग नाही. त्या चुका आहेत, आणि त्या नोंदवायची जागा असते: ग्नोमचं गिटलॅब, केडीईचं बगझिला, उबुंटूचं लाँचपॅड. 'फाइल मॅनेजर नीट चालत नाही' या वाक्याने कुणालाच काही करता येत नाही. 'देवनागरी नावाच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून नाव बदला निवडलं, नवं नाव लिहिलं, एंटर दाबलं. जुनंच नाव राहिलं. दर वेळी होतं' या वाक्याने दुरुस्ती सुरू होऊ शकते. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या तीन गोष्टी (काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं) आणि फाइलच्या डोक्यावरच्या चार नोंदी तिथे जशाच्या तशा चिकटवा. एका नोंदीत एकच चूक.

लिहिण्याआधी तीच चूक कुणी नोंदवली आहे का ते शोधा. सापडली तर नवी नोंद उघडू नका, आणि खाली 'मलाही होतंय' असंही लिहू नका, प्रत्येक ओळीचा मेल सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. लाँचपॅडवर 'मलाही हा त्रास आहे' असं सांगायला वेगळी खूण आहे, ती करा आणि पानावर लक्ष ठेवा.